पाणी न पिणाऱ्या जमिनीवर सूप कारखान्याचं सांडपाणी : पॅरिस, टेक्सासचं प्रकरण

अन्नप्रक्रिया कारखान्याचं सांडपाणी जमिनीवर सोडायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, जमीन किती पाणी पिते? टेक्सासच्या ईशान्य कोपऱ्यात, पॅरिस गावाजवळ, कॅम्पबेल सूप कंपनीने १९६४ साली कारखाना सुरू केला, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर होतं : जवळजवळ नाहीच. वर मातीचा जेमतेम थर आणि खाली घट्ट चिकणमाती. त्यात ही जुनी कापसाची जमीन. वर्षानुवर्षं धूप होऊन तिच्यात घळी पडल्या होत्या आणि मधेमधे झुडपं माजली होती. शेती करायला कुणी तयार होणार नाही अशी ही जमीन सांडपाणी शुद्ध करायला निवडली गेली. पुढच्या काही वर्षांत तिथे जे घडलं ते अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सांडपाणी जमिनीवर शुद्ध करण्याच्या मार्गदर्शिकेत नमुना म्हणून गेलं.

हे प्रकरण अजूनही नीट वाचावं असं मला वाटतं, कारण मातीचा निचरा आणि वाहून जाणारं पाणी हे दोन प्रश्न आपण बहुधा वेगवेगळे हाताळतो. निचरा वाढवायचा आणि वाहून जाणारं पाणी अडवायचं, एवढंच डोक्यात असतं. पॅरिसमध्ये निचरा वाढवण्याचा नाद सोडून दिला आणि वाहणाऱ्या पाण्यालाच कामाला लावलं. ते जमलं ते जमिनीला मिळालेल्या विश्रांतीमुळे. या प्रकरणाचा सगळा जीव त्या विश्रांतीत आहे, आणि नेमकी तीच गोष्ट नक्कल करणारे विसरतात.

आधीचा अनुभव

पॅरिसच्या आधीचा एक प्रयोग माहीत असला तर हा निर्णय किती वेगळा होता ते कळतं. न्यू जर्सीत सीब्रुक फार्म्स हा गोठवलेल्या भाज्यांचा मोठा उद्योग होता. भाज्या धुतलेलं पाणी कुठे घालवायचं हा तिथला प्रश्न हवामानशास्त्रज्ञ चार्ल्स वॉरन थॉर्नथ्वेट यांच्याकडे गेला. १९५० च्या सुमारास त्यांनी ते पाणी आधी शेतात फवारून पाहिलं. नांगरलेल्या शेतात थोड्याच वेळात पाणी साचलं आणि वाहू लागलं. मग फवारे शेजारच्या झाडीत नेले. तिथल्या वाळूसर मातीवर पालापाचोळ्याची जाड गादी होती. तिने थेंबांचा मार अंगावर घेतला, मातीची छिद्रं उघडी राहिली आणि शेताला अजिबात न झेपणारं पाणी जंगलाने सहज मुरवलं.

अशी जमीन मिळाली तर उत्तमच. पण पॅरिसला वाळू नव्हती, जंगलही नव्हतं. कॅम्पबेलच्या हाताशी स्वतःचाच एक अनुभव मात्र होता : ओहायोतल्या नेपोलियन इथे १९५४ पासून उतारावरच्या गवतातून सांडपाणी वाहू देण्याची पद्धत वापरात होती. पॅरिसला तीच पद्धत, पण पहिल्या दिवसापासून आखून, मोठ्या प्रमाणावर उभी करायची होती.

भार केवढा होता

पूर्ण चालीच्या काळात दिवसाला साधारण १ कोटी ३५ लाख लिटर सांडपाणी निघायचं. त्यात भाज्यांची सालं, मांसाचा रस, स्टार्च, चरबी, भांडी धुतलेलं पाणी असं सगळं. बीओडी म्हणजे पाण्यातला सेंद्रिय माल कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात त्याचं माप. ते इथे लिटरला सरासरी ६१६ मिलिग्रॅम होतं. गुणाकार केला तर दिवसाला आठ टनांहून जास्त बीओडी होतो. अमेरिकेत माणशी रोजचा बीओडी साधारण ७५ ग्रॅम धरतात. त्या हिशेबाने हा भार लाखाहून अधिक वस्तीच्या शहराएवढा होता, आणि पॅरिसची लोकसंख्या तेव्हा वीस हजारांच्या आसपास. गावाच्या मलशुद्धीकरण केंद्रावर हे पाणी टाकणं शक्य नव्हतं. जवळच्या लहान ओढ्यात तर नाहीच नाही. उन्हाळ्यात त्या ओढ्यात या सांडपाण्याहून कमी पाणी असणार.

जमिनीची तयारी

सगळ्यात जास्त कष्ट आणि सगळ्यात जास्त शहाणपण इथे खर्च झालं. झुडपं काढली, घळी बुजवल्या आणि जमीन तासून एकसारखे उतार केले. उतार १ ते १२ टक्क्यांपर्यंत होते, पण अनुभवाने २ ते ६ टक्क्यांमधले सर्वांत चांगले ठरले. त्याहून सपाट जागी डबकी साचतात. त्याहून तीव्र उतारावर पाणी धावतं, माती घेऊन जातं आणि गवताशी त्याची गाठ पुरेशी पडत नाही. प्रत्येक उताराची लांबी ६० ते ९० मीटर. माथ्याजवळ फवारे आणि पायथ्याशी आडवा बांध घालून काढलेला चर, म्हणजे खाली आलेलं पाणी गोळा होऊन हिरवळीच्या पाटातून ओढ्याकडे जातं. सुरुवातीला सुमारे ३०० एकर क्षेत्र होतं, पुढे ते ९०० एकरांपर्यंत वाढलं.

हे काम कागदावर मातीकामाचं दिसतं, पण इथे सारा खेळ दोन-चार सेंटिमीटरचा असतो. उतारावर ओंजळभर खळगा राहिला तरी तिथे पाणी थांबतं, गवताची मुळं गुदमरतात, गवत पिवळं पडून मरतं, आणि उघड्या पडलेल्या त्या जागेतून पाणी ओघळ करून धावू लागतं. एकदा ओघळ झाला की आजूबाजूचं पाणी त्यातच शिरतं. मग नव्वद मीटरचा उतार नावापुरता उरतो. पाणी खाली पोचतं, पण गवतातून न जाता. अशा व्यवस्थेत शुद्धीकरण ढासळतं ते बहुतेक वेळा असंच, एका खळग्यापासून. म्हणून पेरणीआधी जमीन पुन्हा पुन्हा समतल केली जाते आणि भरावाची माती पहिल्या पावसात बसल्यावर आणखी एकदा.

गवताचं मिश्र बी पेरलं होतं : रीड कॅनरी, टॉल फेस्क्यू, रेडटॉप वगैरे. कालांतराने ओलाव्यात तग धरणाऱ्या रीड कॅनरीने बहुतेक उतार व्यापले. माझ्या मते हे होऊ दिलं हे बरं केलं. या गवताची मुळं खोल जातात, ते पाण्यात उभं राहू शकतं आणि नत्र भरपूर उचलतं. कोणतं गवत टिकणार हे शेवटी पाण्याची पाळीच ठरवते. मुळं जमिनीत घट्ट बसायला आणि हिरवळ दाट व्हायला काही महिने लागतात. तोवर पूर्ण भार टाकला तर उतार पहिल्याच हंगामात फाटतो.

एका उतारावर काय घडतं

कारखान्यातून पाणी आधी जाळ्यांतून जातं, मोठा गाळ वेगळा होतो आणि वर तरंगणारी चरबी काढून घेतली जाते. हा टप्पा साधा आहे, पण चुकवता येत नाही. चरबी पात्यांवर आणि मातीवर बसली की हवा आणि पाणी दोन्ही अडतं, फवाऱ्यांची तोंडं बुजतात ती वेगळीच. मग पाणी दाबाने फवाऱ्यांतून सुटतं. नागरी मैलापाण्यासाठी भोकं पाडलेला पाइप माथ्यावर ठेवला तरी चालतो. अन्नप्रक्रियेच्या पाण्यात गाळ जास्त असतो, पाइपने सोडलं तर तो सगळा माथ्याच्या पहिल्या काही मीटरमध्ये साचून कुजतो. फवाऱ्याने तो मोठ्या क्षेत्रावर पसरतो.

तिथून पुढे पाणी पातळ चादरीसारखं गवताच्या बुंध्यांमधून सरकत जातं. जमिनीलगत वाळलेल्या पात्यांचा थर असतो. तो थर आणि बुंधे दोन्हींवर जिवाणूंचा बुळबुळीत लेप चढलेला असतो. पाण्यातली साखर, स्टार्च, प्रथिनं हा लेप धरून ठेवतो. गाळ गवतात अडकतो. काही मिलिमीटर जाडीच्या पाण्याला वरून हवा भरपूर मिळते, म्हणून वरच्या बाजूला प्राणवायूवर जगणारे जिवाणू काम करतात. त्याच लेपाच्या तळाशी, मातीला लागून, प्राणवायू संपलेला असतो. वर नत्राचं नायट्रेट होतं, खाली त्याचा वायू होऊन ते हवेत जातं. दोन उलट क्रिया बोटभर जाडीत शेजारी शेजारी चालतात. एवढं नाजूक यंत्र कोणत्याही टाकीत बसवायचं तर किती खर्च येईल!

पण हे यंत्र सतत चालवता येत नाही. पॅरिसमध्ये एका उतारावर दिवसातले ६ ते ८ तास पाणी फवारत आणि उरलेले १६ ते १८ तास तो उतार मोकळा ठेवत. त्या वेळात पाणी निथळतं, मातीला वाफसा येऊ लागतो, लेपाच्या आत पुन्हा हवा शिरते आणि धरून ठेवलेला सेंद्रिय माल पचवून संपवला जातो. ही विश्रांती कापली तर माल पचण्याआधी नवा येऊन पडतो. लेप जाड आणि काळा होतो, वास सुटतो, डास होतात, गवत बुडापासून कुजतं. कारखान्याचं उत्पादन वाढलं की सगळ्यांत आधी हेच मोकळे तास खाल्ले जातात, कारण त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, फक्त एक झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. पॅरिसमध्ये भार वाढला तेव्हा क्षेत्र वाढवलं. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच, असं मी मानतो.

आकडे आणि ते कसे वाचायचे

ओक्लाहोमातल्या एडा इथल्या रॉबर्ट एस. केर जलसंशोधन केंद्रातले जेम्स लॉ, रिचर्ड थॉमस आणि लिऑन मायर्स यांनी या उतारांचा अभ्यास केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. आत जाणाऱ्या आणि पायथ्याशी मिळणाऱ्या पाण्याच्या त्यांच्या सरासऱ्या अशा : बीओडी ६१६ वरून ९, तरंगता गाळ २६३ वरून १६, एकूण नत्र १७.४ वरून २.८, एकूण स्फुरद (फॉस्फरस) ७.६ वरून ४.३. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर. फवारलेल्या पाण्यातलं सुमारे ६० टक्के पायथ्याशी वाहत आलं, उरलेलं जवळपास निम्मं-निम्मं बाष्पात आणि झिरपण्यात गेलं.

हे पाणी कमी झालेलं लक्षात घेतलं तर बीओडीची एकूण घट ९९ टक्क्यांवर जाते, नत्राची ९० च्या आसपास आणि स्फुरदाची ६५ च्या आसपास. हा तक्ता पुष्कळ ठिकाणी छापला गेला. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : जमिनीत झिरपलेल्या पाण्याबरोबर जे खाली गेलं तेही या टक्केवारीत घट म्हणूनच मोजलं जातं. पॅरिसच्या घट्ट चिकणमातीत झिरपणारं पाणी थोडं आणि हळू जातं. मधल्या प्रवासात माती बरंच काही धरून ठेवते, म्हणून हा हिशेब फारसा फसवत नाही. वाळूसर जमिनीवर हाच हिशेब मांडला तर मात्र तो पक्का फसवेल.

स्फुरद मागे का पडला? नत्र घालवायला गवत, जिवाणू आणि हवा असे तीन मार्ग आहेत. स्फुरदाला हवेत जाण्याचा मार्गच नाही. त्याने एक तर गवतात जावं किंवा मातीतल्या लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियमला चिकटावं. वर्षाला अंदाजे दोन मीटर पाणी फवारलं असं धरा. लिटरला ७.६ मिलिग्रॅमने हेक्टरी दीडशे किलो स्फुरद होतो. चांगली कापणी झाली तरी गवत त्यातला एक लहानसा हिस्साच उचलतं. उरलेला मातीने धरायचा, तर पाणी मातीत शिरायला हवं. इथे ते वरून सरकून जातं. नत्र त्याच हिशेबाने हेक्टरी साडेतीनशे किलो येतो. दोन-तीनदा गवत कापून नेलं आणि बाकीचं वायू होऊन गेलं की त्याची जुळणी होते.

आता विश्रांतीकडे परत. संशोधकांनी काही उतारांवर रोजची फवारणी बंद करून आठवड्यातून तीनच दिवस पाणी दिलं. स्फुरद धरला जाण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं. मधल्या कोरड्या दिवसांत चिकणमाती आकसते, बारीक भेगा पडतात. पुढच्या पाळीचं पाणी त्या भेगांत शिरतं आणि आजवर न भिजलेल्या मातीला भेटतं. शिवाय हवा मिळाली की मातीतलं लोह गंजाच्या रूपात राहतं आणि त्या रूपात ते स्फुरदाला घट्ट धरतं. सतत भिजलेल्या, प्राणवायू संपलेल्या मातीत तेच लोह विरघळतं आणि धरलेला स्फुरद सोडून देतं. जमीन तीच, गवत तेच, पाणी तेच. बदललं ते फक्त वेळापत्रक.

थंडीत काय होतं हा प्रश्न साहजिक आहे, कारण या भागात हिवाळ्यात दव गोठतं. बीओडीच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. लेपातले जिवाणू थंडीला सरावलेले निघाले. नत्राचं काम मात्र थंडीत मंदावतं, कारण नायट्रेट करणारे जिवाणू उबेवर जास्त अवलंबून असतात आणि गवताची वाढही थांबते.

पाऊस, कापणी, चाकोऱ्या

या भागात वर्षाला ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, वसंतात वादळी सरीही येतात. वाहतं पाणी हेच ज्या पद्धतीचं तत्त्व, तिथे मुसळधार पावसात सगळं धुऊन ओढ्यात जाणार, ही भीती रास्त आहे. गवत दाट असेल आणि चर पुरेसे मोठे असतील तर पावसाचं जादा पाणी बऱ्यापैकी स्वच्छ उतरतं, कारण लेप आणि गाळ गवतात पक्का धरलेला असतो. धोका असतो तो उघड्या पडलेल्या जागांना आणि नुकत्याच पेरलेल्या उतारांना. बाहेरच्या शेतांचं पाणी उतारावर येऊ नये म्हणून माथ्याकडे वळण-चर काढणं हेही तितकंच गरजेचं आहे.

गवताची कापणी ही इथे शोभेची गोष्ट नाही. कापलेलं गवत तिथेच टाकलं तर ते कुजतं आणि त्यातला नत्र-स्फुरद पुढच्या पाळीच्या पाण्यात उतरतो. म्हणून ते वाळवून, गासड्या बांधून नेतात. पॅरिसचा चारा पौष्टिक निघाला आणि गुरांनीही तो आवडीने खाल्ला. पण कापणीआधी उताराला नेहमीपेक्षा मोठी विश्रांती द्यावी लागते. ओल्या उतारावर ट्रॅक्टर घातला तर चाकांच्या चाकोऱ्या पडतात, आणि त्या चाकोऱ्या उताराच्या दिशेने असल्या तर पाण्याला आयताच ओघळ मिळतो. यंत्र नेहमी उताराला आडवं चालवायचं, आणि वाफसा आल्याशिवाय आत न्यायचंच नाही. महिन्यांच्या तासकामाचं नुकसान एका घाईच्या दुपारी होऊ शकतं, म्हणून हा नियम शेतावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा, फक्त अभियंत्याला नव्हे.

जे या पद्धतीने सुटत नाही

पाण्यात विरघळलेले क्षार गवत खात नाही, जिवाणू पचवत नाहीत, आणि बाष्प होताना पाणी ते मागेच ठेवतं. समजा सांडपाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत. दोन मीटर पाण्याबरोबर वर्षाला हेक्टरी १० टन क्षार येतात. पॅरिसमध्ये बहुतेक पाणी वाहून जातं म्हणून क्षारही वाहून जातात, पण ते ओढ्यात जातात, किंचित जास्त तीव्र होऊन. म्हणजे हा प्रश्न जमिनीवरून पुढे सरकतो, संपत नाही. त्याचा इलाज कारखान्याच्या आतच करावा लागतो : खारवणीचं पाणी वेगळं काढणं, साल काढायला कॉस्टिक सोडा वापरत असतील तर तो कमी करणं किंवा त्याजागी पोटॅशचा विचार करणं.

सोडियमचं तर चिकणमातीशी विशेष वैर आहे. मातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि जमीन चोपण होते. पाणी तर आधीच मुरत नव्हतं, आता हवाही शिरत नाही. मग १८ तास मोकळे ठेवूनही वाफसा येत नाही आणि ज्या विश्रांतीवर सगळं उभं आहे तीच निकामी होते. म्हणून अशा जमिनीत दरवर्षी माती तपासून सोडियमचं प्रमाण बघायचं आणि ते वाढायला लागताच जिप्सम द्यायचं. गवत सुकायला लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

कायद्याच्या बाजूनेही एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. पॅरिसची व्यवस्था उभी राहिली तेव्हा अमेरिकेचा १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा झालेला नव्हता. त्या कायद्यानंतर चरातून ओढ्यात जाणाऱ्या पाण्याला रीतसर परवाना आणि ठरलेल्या मर्यादा लागू झाल्या. जे शेत सगळं पाणी मुरवतं त्याचं पाणी असं एका तोंडाने बाहेर पडत नाही. उतारावरून वाहू देणाऱ्या व्यवस्थेचं मात्र पडतं. काहींना ही कटकट वाटते. मला तो या पद्धतीचा मोठा गुण वाटतो, कारण पायथ्याशी एका जागी नमुना घेता येतो आणि उतारावर बिघाड झाला की तो काही दिवसांतच आकड्यात दिसतो.

मुरवणाऱ्या जमिनीत बिघाड असा लवकर दिसत नाही. मिशिगनच्या वाळूसर जमिनींवर फळप्रक्रियेचं पाणी वर्षानुवर्षं जास्त भाराने फवारलं गेलं. वर गवत हिरवंगार होतं आणि पाणी कुठे साचतही नव्हतं. मातीतला प्राणवायू मात्र संपला होता. मग मातीत मुळातच असलेलं लोह, मँगनीज आणि काही ठिकाणी आर्सेनिक विरघळून भूजलात उतरलं. तिथे बीओडीच्या भाराला मर्यादा घालणं, पाळ्यांमध्ये जमीन खरोखर कोरडी होऊ देणं आणि निरीक्षण विहिरींत मँगनीज मोजत राहणं, हाच उपाय करावा लागतो. लोह-मँगनीज वाढू लागलं की जमिनीत हवा कमी पडते आहे हे ओळखायचं, आणि त्याच आठवड्यात फवारणीचे तास कमी करायचे.